साडेचोवीस इंच व्हॅक्यूम म्हणजे किती किलोपास्कल? साखर कारखान्यातल्या एका पॅनचं प्रकरण

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात गळीत हंगाम सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, तोच बॉयलिंग हाउसमधून, म्हणजे रस आटवून साखर करतात त्या विभागातून, तक्रार आली. साखरेचा रंग चढतोय आणि पॅन उतरायला (माल तयार होऊन बाहेर काढायला) वेळ लागतोय. ऊस तोच, रसाची शुद्धता नेहमीसारखी, सल्फिटेशनमध्ये, म्हणजे गंधकाच्या धुराने रस स्वच्छ करण्यात, काही बदल नाही. बदल एवढाच होता की ऑफ सीझनमध्ये ए पॅनवर, म्हणजे पहिल्या प्रतीची साखर पाडणाऱ्या पॅनवर, ऑटोमेशन बसवलं होतं. पाऱ्याच्या इंचांत व्हॅक्यूम दाखवणारे जुने डायल गेज काढून त्या जागी किलोपास्कलमध्ये मोजणारे नवे ट्रान्समीटर लावले होते. कंट्रोल रूममधल्या पडद्यावर सगळं व्यवस्थित दिसत होतं. सेट पॉइंट 18.4 किलोपास्कल, प्रत्यक्ष वाचन 18.4 किलोपास्कल, आलेखाची रेघ सरळ. जुन्या गेजवर काटा अर्धा-पाऊण इंच हलत राहायचा, त्या मानाने हे काम देखणं होतं.

मुख्य पॅनमन मात्र खूश नव्हते. तीस-पस्तीस हंगाम पॅनच्या काचेसमोर उभं राहून काढलेला माणूस. त्यांचं म्हणणं अगदी थोडक्यात होतं : "साहेब, आकडा बरोबर असंल, पण पॅन गरम चाललाय." या एका वाक्यात प्रकरणाचं निम्मं निदान होतं.

पॅन गरम चालणं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. साखरेचा पाक उघड्या कढईत आटवला तर तो शंभर अंशांच्या वर उकळतो. त्या तापमानाला साखर करपते, रंगते, शिवाय सुक्रोज फुटून त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, म्हणजे हाती येणारी साखर कमी होते. म्हणून पाक बंद भांड्यात, हवा काढून, कमी दाबाखाली आटवतात. एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड या इंग्रज रसायनज्ञाने 1813 च्या सुमारास ही युक्ती काढली आणि आजचा प्रत्येक व्हॅक्यूम पॅन त्याच तत्त्वावर चालतो. पॅनमधली वाफ वर कंडेन्सरमध्ये जाते, तिथे थंड पाण्याच्या फवाऱ्याने तिचं पाणी होतं आणि व्हॅक्यूम टिकतो. कंडेन्सरला पाणी जास्त सोडलं की व्हॅक्यूम वाढतो, उकळण्याचं तापमान उतरतं. पाणी आवरलं की उलट. नवं ऑटोमेशन नेमकं हेच करत होतं : दाब 18.4 वर राहील एवढंच पाणी सोडत होतं.

मग 18.4 आले कुठून? हा आकडा ठरवण्याची पद्धत मी यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीच्या तरुण इंजिनिअरला विचारली. त्याने वही काढून प्रामाणिकपणे दाखवली. कारखान्याने त्याला सांगितलं होतं, "आमचा ए पॅन साडेचोवीस इंचांवर चालतो." त्याने 24.5 ला 25.4 ने गुणलं, 622.3 मिलिमीटर पारा आला. नवा ट्रान्समीटर निरपेक्ष दाब मोजतो, म्हणजे पूर्ण निर्वातापासून वर. जुना गेज मोजायचा तो हवेच्या दाबापासून खाली. म्हणून त्याने 760 मधून 622.3 वजा केले, उरले 137.7 मिलिमीटर. एक मिलिमीटर पारा म्हणजे 133.322 पास्कल. गुणाकार केला, 18.36 किलोपास्कल.

या हिशेबात एकही गुणक चुकलेला नाही. एवढंच नव्हे, जुना गेज आणि नवा ट्रान्समीटर वेगवेगळ्या शून्यांपासून मोजतात, हेही त्याने ध्यानात घेतलं होतं. पुष्कळ ठिकाणी लोक एवढंही करत नाहीत. चूक होती ती 760 मध्ये. तो आकडा समुद्रकाठचा आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 570 मीटर उंच आहे आणि तिथे हवेचा दाब 710 मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो. म्हणजे हिशेबात पन्नास मिलिमीटरची हवा अशी धरली गेली, जी त्या पॅनभोवती नव्हतीच.

उंचीवर हवेचा दाब उतरतो ही गोष्ट नवी नाही. 19 सप्टेंबर 1648 रोजी फ्रान्समध्ये फ्लोरँ पेरिये पाऱ्याची नळी घेऊन प्यूई द डोम या डोंगरावर चढला आणि पायथ्यापेक्षा माथ्यावर पारा तीन फ्रेंच इंचांहून अधिक उतरलेला त्याला दिसला. हा प्रयोग करायला त्याला सांगणारा त्याचा मेहुणा म्हणजे ब्लेझ पास्कल, ज्याचं नाव 1971 मध्ये दाबाच्या आंतरराष्ट्रीय एककाला दिलं गेलं. पास्कलमध्ये हिशेब करताना पास्कलचाच प्रयोग विसरला जावा, याची मला मनापासून हळहळ वाटते. आपल्याकडचे बहुतेक साखर कारखाने घाटमाथ्याच्या पूर्वेला, पठारावर आहेत. उंचीवरून ढोबळ हिशेब केला तर सोलापूरला हवेचा दाब 720 मिलिमीटरच्या आसपास, अहिल्यानगरला 703 च्या आसपास येतो. 760 यांपैकी कुठेही नाही.

आता योग्य आकडा घालून बघू. 710 वजा 622.3, उरले 87.7 मिलिमीटर, म्हणजे 11.7 किलोपास्कल. या दाबाला शुद्ध पाणी सुमारे 48.9 अंशांना उकळतं आणि 18.36 किलोपास्कलला सुमारे 58.2 अंशांना. फरक नऊ अंशांहून जास्त. पॅनमधलं मॅसेक्विट, म्हणजे पाक आणि साखरेचे दाणे यांचं दाट मिश्रण, पाण्यापेक्षा बऱ्याच वरच्या तापमानाला उकळतं, कारण त्यात साखर दाट विरघळलेली असते आणि वरच्या थराचं वजनही खालच्या थरावर असतं. पण तो चढ दोन्ही वेळी जवळपास सारखाच राहतो, त्यामुळे पाण्याच्या तापमानातला फरक तसाच मॅसेक्विटमध्ये उतरतो. रंग का चढला याचं उत्तर इथे मिळालं. पॅनला वेळ का लागतो याचंही मिळालं : कॅलँड्रियाला (पॅन तापवणाऱ्या नळ्यांच्या भागाला) मिळणारी वाफ तीच राहिली आणि आतला माल गरम झाला, म्हणजे दोहोंमधला तापमानाचा फरक कमी झाला आणि उष्णता जाण्याचा वेग मंदावला.

या चुकीला एक आकर्षक बाजूही होती, म्हणून ती लवकर पकडली गेली नाही. कंडेन्सरला पाणी कमी लागत असल्यामुळे ते पाणी देणाऱ्या इंजेक्शन पंपाचे अँपिअर उतरले होते. वीज वाचते आहे, ऑटोमेशनचा खर्च निघायला लागला, असं सुरुवातीच्या दिवसांत अनेकांना मनापासून वाटलं.

तरुण इंजिनिअर लगेच पटवून घ्यायला तयार नव्हता आणि त्याची शंका रास्त होती. त्याने मोबाइल पुढे केला. हवामानाच्या पानावर कोल्हापूरचा दाब 1014 हेक्टोपास्कल दिसत होता, म्हणजे 760 मिलिमीटर. "मग इथे 710 कसे?" हवामानखात्यांच्या नकाशांवर आणि मोबाइलवर दिसणारा दाब बहुतेक वेळा समुद्रसपाटीला उतरवलेला असतो. तसं केलं नाही तर प्रत्येक डोंगरावर वादळ असल्यासारखं दिसेल आणि खऱ्या कमी दाबाचा पट्टा ओळखताच येणार नाही. हवामानाच्या कामासाठी ती रीत योग्यच आहे, पॅनच्या हिशेबाला मात्र ती चालत नाही. पॅनला हवा असतो तो त्या मजल्यावरचा खरा दाब.

तो शोधायला बाहेर कुठे जावं लागलं नाही. पॅन रिकामा असताना ट्रान्समीटरचा कॉक बंद करून त्याची नळी हवेला मोकळी केली. पडद्यावर 94.7 किलोपास्कल आले, म्हणजे 710 मिलिमीटर. निरपेक्ष दाबाचा ट्रान्समीटर मोकळा सोडला की तो स्वतःच वायुभारमापक होतो. या एका तपासणीत दोन गोष्टी कळतात : ट्रान्समीटर शाबूत आहे की नाही, आणि तिथली हवा किती आहे. नवा ट्रान्समीटर लावला की कुठल्याही कोष्टकाला हात लावण्याआधी ही तपासणी व्हावी, असं माझं ठाम मत आहे. तिला पाच मिनिटंही लागत नाहीत.

इथे प्रकरण मिटलं असं सगळ्यांना वाटलं. सेट पॉइंट 11.7 करा, झालं. मला मात्र पॅनमनांच्या वहीने अडवलं. पॅनवरचं जुनं तापमानमापक ऑटोमेशनमध्ये बदललेलं नव्हतं, आहे त्याच जागी होतं. गेल्या हंगामाच्या नोंदींत पॅन उतरवतानाचं तापमान 64 ते 65 अंश. या हंगामात 71 ते 72. म्हणजे वाढ साडेसहा-सात अंशांची. हिशेब मात्र सव्वानऊ अंश सांगत होता. अडीच अंशांची तफावत कुठेतरी बसायला हवी होती आणि तापमानमापक दोन्ही हंगामांत एकच असल्यामुळे त्याच्यावर ती ढकलता येत नव्हती.

संशय गेला जुन्या गेजवर. तो स्टोअरमध्ये जमा होता. आणून हातपंप आणि कॅलिब्रेटरवर चढवला. डायलवर काटा साडेचोवीसवर आला, तेव्हा खरा व्हॅक्यूम होता 81.3 किलोपास्कल, म्हणजे बरोबर 24 इंच. गेज अर्धा इंच जास्त दाखवत होता. तीस इंचांच्या डायलवर अर्धा इंच ही जुन्या बर्डन गेजच्या बाबतीत आश्चर्य करण्यासारखी चूक नाही, आतली वाकडी नळी वर्षानुवर्षांच्या कंपनांनी थकते. म्हणजे पॅन कधीच साडेचोवीस इंचांवर चालत नव्हता. सगळे साडेचोवीस म्हणत होते आणि पॅन चोवीसवर चालत होता.

नव्याने मांडलं : 94.7 वजा 81.3, उरले 13.4 किलोपास्कल. या दाबाला पाणी सुमारे 51.6 अंशांना उकळतं. 58.2 मधून 51.6 गेले, उरले 6.6. वहीतल्या वाढीशी हे जुळलं. दाबाचं गणित आणि तापमानाची नोंद या दोन स्वतंत्र वाटा एकाच आकड्यावर आल्या, तेव्हाच मी सेट पॉइंट बदलायला संमती दिली. 11.7 केला असता तर कंडेन्सरवर नाहक ताण आला असता. स्प्रे पाँडचं (कंडेन्सरचं पाणी फवारून गार करतात त्या तळ्याचं) पाणी दुपारी तापल्यावर तो व्हॅक्यूम टिकलाही नसता, आणि व्हॅक्यूम असा खालीवर झाला की पॅनमध्ये नको तिथे बारीक दाणा धरतो.

साखर तंत्रज्ञानाच्या जुन्या शिकवणुकीत पॅनसाठी 25 ते 26 इंच व्हॅक्यूम सांगितला जातो. तो समुद्रसपाटीचा. 26 इंच म्हणजे तिथे 29.92 मधून 26 गेले, निरपेक्ष 3.92 इंच, म्हणजे 13.3 किलोपास्कल. आमचा आकडा 13.4. कोल्हापूरच्या पॅनमनांनी काचेतून माल बघत, बोटांत चाचणीचा नमुना घासत, चुकीच्या गेजवर आणि कमी हवेच्या जागी जो दाब वर्षानुवर्षं धरला होता, तो ग्रंथातल्या दाबाशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. पुस्तकातले 26 म्हणजे कोल्हापूरचे 24, हे त्यांनी कुठल्याही सूत्राशिवाय गाठलं होतं. त्या माणसांबद्दलचा माझा आदर या हिशेबाने वाढला आणि तो मी त्यांना तिथेच बोलून दाखवला.

कुणी म्हणेल, मग इंचांचे गेजच ठेवायचे होते. मला तसं वाटत नाही. निरपेक्ष दाब मोजण्याचा निर्णय योग्यच होता. उकळण्याचं तापमान ठरतं ते निरपेक्ष दाबावर, गेजच्या आकड्यावर नाही. आपल्या भागात हवेचा दाब रोजच तीन-चार हेक्टोपास्कलने खालीवर होतो. सकाळी दहाच्या सुमारास चढलेला असतो, दुपारी चारच्या सुमारास उतरलेला. गेजवर काटा तिथेच ठेवला तरी पॅनचं तापमान अर्ध्या-पाऊण अंशाने सरकतं. निरपेक्ष ट्रान्समीटर हा गोंधळ मुळातूनच काढतो.

या निमित्ताने कारखान्यातल्या बाकीच्या दाबांकडेही पाहिलं. एकाच आवारात किती एककं नांदत होती! मिलच्या हायड्रॉलिकवर पौंड, बॉयलरवर किलो, टर्बाइनच्या पाटीवर निरपेक्ष तांत्रिक वातावरण (किलोएवढंच एकक, पण निर्वातापासून मोजलेलं), कॉम्प्रेसरवर बार, भट्टीच्या ड्राफ्टला मिलिमीटर पाणी, इव्हॅपोरेटरला (रस आटवणाऱ्या भांड्यांना) मिलिमीटर पारा, पॅनला इंच आणि आता किलोपास्कल. यात कुणाचा दोष नाही. जुनी इंग्रजी यंत्रं पौंड-इंच घेऊन आली, 1956 च्या वजनमापांच्या कायद्यानंतर किलो रुळला, पुढे ज्या देशाची यंत्रणा आली त्या देशाची पाटी आली.

प्रत्येक ठिकाणचा धोका मात्र वेगळा असतो आणि या प्रकरणातून मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं ते हेच. मिलच्या हायड्रॉलिकवर दर चौरस इंचाला 2500 पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 175.8 किलो किंवा 172.4 बार. इथे हवा धरली काय, न धरली काय, अर्ध्या टक्क्याच्या आसपासच फरक पडतो. किलोला बार समजलं तर दोन टक्के जातात, म्हणून सांभाळायचा तो गुणक. बॉयलरवरही तसंच. 45 किलो म्हणजे 44.13 बार. कुणी "किलो काय, बार काय, सारखंच" म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह 45 बारला लावला, तर तो 45.9 किलोला उघडेल, म्हणजे पाटीवरच्या मर्यादेच्या वर. सेफ्टी व्हॉल्व्हच्या बाबतीत ही ढिलाई मी कधीच खपवून घेणार नाही. टर्बाइनच्या पाटीवर 43 निरपेक्ष आणि बॉयलरकडून येणाऱ्या वाफेच्या गेजवर 42 किलो दिसतात, तेव्हा मधल्या पाइपात दाब हरवलेला नसतो. तो एक आकडा हवेचा असतो.

एक्झॉस्ट वाफ, म्हणजे टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ, मधल्या पायरीवर आहे. दीड किलोच्या गेज दाबाला कोल्हापूरची हवा धरली तर संपृक्त तापमान (त्या दाबाला वाफेचं पाणी होण्याचं तापमान) सुमारे 126.3 अंश येतं, समुद्रकाठची धरली तर 127.2. एका अंशाचीही चूक नाही, हीटरच्या हिशेबात चालून जाते. व्हॅक्यूमच्या बाजूला याल तसतशी हीच पन्नास मिलिमीटरची हवा मोठी होत जाते आणि पॅनमध्ये ती सगळा हिशेब फिरवते. तिथे एक किलोपास्कल इकडचा तिकडे झाला तरी तापमान दीड अंशाच्या आसपास हलतं.

बदल फार केले नाहीत. सेट पॉइंट 13.4 किलोपास्कल निरपेक्ष ठेवला. पडद्यावर आकड्यापुढे "निरपेक्ष" हा शब्द कायमचा लिहिला आणि त्याच्याखाली लहान अक्षरांत त्या क्षणीचा व्हॅक्यूम इंचांमध्येही दाखवायला लावला. त्यासाठी बॉयलिंग हाउसमध्ये मोकळ्या हवेला एक वेगळा ट्रान्समीटर बसवला, म्हणजे वजाबाकीत 760 घालण्याची वेळच येणार नाही. काही व्यवस्थापकांना इंचांचा आकडा ठेवणं मागासलेपणाचं वाटलं. माझा आग्रह होता की ठेवायचा. शिफ्टमधला माणूस रात्री तीन वाजता ज्या एककात विचार करतो, त्या एककात त्याला धोका आधी दिसतो. नव्या माणसांची सवय हळूहळू किलोपास्कलला बसेल, जुन्यांना तोवर पूल हवा.

सेट पॉइंट बदलल्यावर इंजेक्शन पंपाचे अँपिअर पुन्हा चढले, मॅसेक्विटचं तापमान 65 च्या आसपास आलं, पॅनची वेळ पूर्ववत झाली आणि रंगही उतरला. इव्हॅपोरेटरच्या शेवटच्या बॉडीवर अजून मिलिमीटरचा जुना गेज आहे. तो पुढच्या ऑफ सीझनमध्ये काढायचा आहे, पण काढण्याआधी कॅलिब्रेटरवर तपासून त्याची चूक वहीत लिहायची, आणि गेल्या दोन हंगामांतल्या सिरपच्या तापमानाच्या नोंदी शेजारी ठेवून मगच नवा आकडा ठरवायचा, असं चीफ केमिस्ट आणि मुख्य पॅनमन या दोघांनी मिळून ठरवलं आहे.